मोठेबाबांवरचं सरकतं छप्पर

मी माझ्या सख्ख्या मोठेबाबांना जिवंतपणी वर पाठवायला निघालो होतो, असं पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीत काही लोक अजून मानतात. ते साफ खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या डोक्यावरचं छप्पर मीच उघडलं होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, त्यानंतर मला त्यांनीच शिकवलं, आणि "एवढं शिकून कोणता दिवा लावला?" असं वर्षातून एकदा तरी ऐकवलंही. मी लावलेला दिवा असा, की पाटबंधारे खात्यात आरेखक झालो. कागदावर धरणं काढायची, हे माझं काम. माझ्या रेषांवरून एकही धरण बांधलं गेलं नाही, त्यामुळे ती सगळी अजून शाबूत आहेत.

ती वर्षं कापसाला भाव नसल्याची. ज्यांच्याकडे कापूस होता ते तो घरात दाबून बसले होते, आणि ज्यांच्याकडे नव्हता ते त्यांना सल्ले देत होते. त्यात रोज संध्याकाळी वीज जायची. अख्खं गाव वीजवाल्यांचा उद्धार करायचं आणि मी एकटा अंगणात उभा राहून वर बघत खूश असायचो. एवढं काळंभोर आभाळ, एवढ्या चांदण्या, आणि कोणाचा दिवा आड नाही! अशा आभाळाखाली माणसाला जे सुचू नये ते मला सुचलं. मी नागपूरहून एक जुनी दुर्बीण आणली. उंचीला माझ्याएवढी, पांढरी, नळकांड्यासारखी. सुनंदानं (म्हणजे माझ्या बायकोनं) दारातच विचारलं, "बोअरवेलचा पाइप काहून आणला?"

दुर्बीण रोज घरातून उचलून अंगणात न्यायची, मांडायची आणि परत आणायची, यात माझी कंबर आणि आमचा संसार दोन्ही आखडली. म्हणून मी ठरवलं, परसातल्या टिनाच्या खोलीचं छप्परच सरकतं करायचं. दुर्बीण आत कायमची उभी राहील. दोर ओढला की छप्पर रुळावरून मागे जाईल आणि आकाश खाली येईल. मी त्याचं रीतसर आरेखन केलं. फार सुंदर झालं होतं. खात्यातल्या साहेबांना दाखवलं तर त्यांनी त्यावर सवयीनं सही केली.

आणि त्याच आठवड्यात मोठेबाबा ट्रॅक्टर घेऊन आले. मागे ट्रॉलीभर कापूस. व्यापारी सांगतो त्या भावात द्यायला ते तयार नव्हते, आणि गावच्या घरात आता कापसाला आणि माणसांना एकत्र जागा उरली नव्हती. भाव वाढेपर्यंत तुझ्या टिनाच्या खोलीत ठेवतो, म्हणाले. मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. अर्धी खोली पांढरीशुभ्र भरली. आता चोरापोरांची भीती, म्हणून मोठेबाबाही तिथंच खाट टाकून झोपू लागले. त्यांना दमा होता. साठवलेल्या कापसानं आमच्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती, पण ते मात्र त्या गंजीशेजारी असे निवांत झोपायचे की हेवा वाटावा.

माझं आरेखन सही होऊन पडलं होतं. मी विचार केला, अर्धी खोली कापसाची, अर्धी माझी, आणि छप्पर तर दोघांचं. मोठेबाबा रोज दुपारी बाजार समितीत भाव ऐकायला जायचे. तेवढ्या वेळात काम उरकायचं आणि एक दिवस त्यांना एकदम आभाळ दाखवायचं, असा माझा बेत होता. इथंच सगळं चुकलं. माणसाला चकित करायची हौस मला तेव्हापासून राहिलेली नाही.

वेल्डिंगवाल्या रशीदभाईंनी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या भंगारातून फाटकाची चाकं आणि पट्ट्या आणल्या आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहब, ये छप्पर चलेगा नहीं, दौडेगा." छप्पर दौडलं नाही. ते कण्हलं. दोर थोडा ओढला की त्या चाकांतून असा आवाज निघायचा की कोणीतरी म्हातारं माणूस कूस बदलतंय. मी रोज संध्याकाळी वीज गेली की खोलीमागे जाऊन गुपचूप हातभर छप्पर सरकवायचो आणि चाकांना तेल द्यायचो. मोठेबाबा तेव्हा पुढच्या ओसरीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले असायचे. पण मागच्या घरातल्या गुल्हाने वहिनींची खिडकी बरोबर आमच्या खोलीसमोर होती. गच्च अंधारात त्यांना रोज फक्त ते कण्हणं ऐकू जायचं.

एका सकाळी त्यांनी मला कुंपणापाशी गाठून हळू आवाजात विचारलं, "मोठेबाबाले फार त्रास होऊन राह्यला काय हो भाऊजी?"

मी म्हणालो, खोकला आहे जरा. त्यांनी नुसतीच मान हलवली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग ती संध्याकाळ आली. अमावास्येच्या आसपासचा दिवस. वीज गेली आणि गाव असं विझलं की स्वतःचा हात दिसेना. ओसरीवर ट्रान्झिस्टर वाजत होता, म्हणजे मोठेबाबा तिथंच आहेत असं मी धरून चाललो. (ट्रान्झिस्टर बंद करायची त्यांना सवय नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तेव्हा मला फक्त चांदण्या ठाऊक होत्या.) प्रत्यक्षात खोकल्याचं औषध घेऊन ते लवकर आडवे झाले होते. मी खोलीमागे उभा राहिलो, दोर खांद्यावर घेतला आणि जीव खाऊन ओढला. छप्पर लांबलचक कण्हलं, आणि पूर्ण उघडलं.

आता जे मला नंतर कळलं ते आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला माझ्याएवढं मूर्ख व्हावं लागणार नाही. आमच्याकडच्या खेड्यांत एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकला, जाता जात नसला, की घरची माणसं त्याच्या खाटेवरच्या छपराचं एक कवेलू, म्हणजे कौल, काढतात. वाट मोकळी केली की जीव वर निघून जातो, अशी समजूत. तेही शेवटचा उपाय म्हणून, रडत-रडत. एक कवेलू! मी अख्खं छप्पर काढलं होतं, आणि तेही न विचारता.

मोठेबाबांनी डोळे उघडले तेव्हा नेहमीच्या टिनाच्या जागी काळं आभाळ होतं आणि त्यात हजारो चांदण्या त्यांच्याकडे बघत होत्या. शेजारी कापसाची गंज ढगासारखी पांढुरकी दिसत होती. कुठं दिवा नाही, माणूस नाही. आधी त्यांना वाटलं आपण पोहोचलोच. मग अंगाला खाज सुटली. वर काही कापूस नसणार, म्हणून त्यांनी ओळखलं की आपण अजून इथंच आहोत आणि घरच्यांनी वाट मोकळी करून दिली आहे.

त्यांनी हाक मारली नाही. मी छप्पर बंद करायला गेलो तर ते जागचं हलेना. (चाकांत कापसाचे तंतू गुंडाळले गेले होते. आरेखनात कापूस नव्हता.) मी हात झटकले आणि आत जाऊन जेवलो. ते मात्र पुष्कळ वेळ तसेच वर बघत पडून होते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात काहीतरी बिनसलं. मोठेबाबा माझ्याकडे बघेनात. बाजार समितीत जाणं बंद. न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली, सुनंदाकडे पुरणपोळी मागितली, आणि ती खाताना त्यांचा पितळी लोटा कोणाला द्यायचा ते सांगितलं. मी छप्पर अडकल्याचं सांगायला गेलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. मी म्हणालो, दुरुस्त होईपर्यंत घरात झोपा, थंडी आहे. तर म्हणाले, "जिथं उघडलं तिथंच झोपतो. तुहे कष्ट वाया नाही जाऊ देत." मला वाटलं, म्हाताऱ्याला आभाळाची गोडी लागली. मी खूश होऊन सुनंदाला सांगितलंसुद्धा.

आठवडाभर छप्पर तसंच उघडं राहिलं, आणि गल्ली हळूहळू शांत होत गेली. दूधवाला भोंगा न वाजवता दूध ठेवून जाऊ लागला. पोरं आमच्या दारासमोर खेळेनात. संध्याकाळी वीज गेली की मागच्या कुंपणापलीकडे माणसं येऊन उभी राहायची. बोलायची नाहीत. नुसते अंधारात उभे आकार, सगळे आमच्या खोलीकडे तोंड करून. मी "कोण आहे?" विचारलं की एकेक आकार गळून जायचा. मला रात्री झोप लागेना. सुनंदा म्हणाली, या खोलीत काहीतरी शिरलंय, तुम्ही उगाच वरचं दार उघडलंत. मी तिला विज्ञान समजावलं आणि त्या दिवसापासून परसात जाताना तिला सोबत नेऊ लागलो.

आठवड्याअखेर अर्धा चंद्र दिसू लागला. छप्पर उघडंच आहे तर दुर्बीण तरी बसवू, असं मी ठरवलं. धूळ लागू नये म्हणून ती मोठेबाबांच्या धुतलेल्या धोतरात नीट गुंडाळली. दिवेलागणीला, दिवे नसताना, पुढे खांद्यावर मी आणि मागे सुनंदा, अशी आम्ही ती बाजूच्या बोळातून परसाकडे नेली. सुनंदाच्या हातात मेणबत्ती होती. बोळाच्या तोंडाशी एक माणूस सायकलवरून उतरला. त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले. माझे हात गुंतलेले होते, म्हणून मी मानेनंच म्हणालो, "या ना आत." तो सायकल टाकून पळाला.

खोलीत मोठेबाबांची खाट रिकामी होती. मी दुर्बीण त्यांच्या खाटेवर आडवी ठेवली आणि तिची तिपाई आणायला आम्ही घरात गेलो. तेवढ्यात दारात जीप थांबली.

मोठेबाबांनी गुल्हाने वहिनींच्या घरून गावी फोन केला होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. सोनुआत्यानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, तो घेतला होता. ते एवढंच म्हणाले होते, की विजयनं (म्हणजे मी) माझ्यावरचं छप्पर उघडलं आहे, भेटायचं तर ये. आत्या जीपभर माणसं आणि तुळशीचं रोप घेऊन आली होती. घराच्या पुढच्या दाराकडे कोणी पाहिलंच नाही. गुल्हाने वहिनी कंदील घेऊन पुढे, मागे आत्या, मागे पांढऱ्या टोप्या, असे सगळे थेट परसात शिरले.

मी तिपाई खांद्यावर घेऊन पोहोचलो तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. वर अर्धा चंद्र, खाली कंदिलाचा पिवळा उजेड, कापसाच्या गंजीवर दवासाठी टाकलेली काळी ताडपत्री, आणि खाटेवर धोतरात गुंडाळलेली ती लांब पांढरी वस्तू. आत्यानं तिला मिठी मारली होती.

"दादा," ती हुंदके देत म्हणाली, "किती वाळला रे तू!"

तिनं वरून हात फिरवला आणि हात थांबला. "अन् किती थंडगार झाला."

मी तिपाई सावरत पुढे सरकलो. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या खांद्यावर तीन लांब दांडे होते. आत्याच्या नवऱ्यानं पुढे होऊन ते उतरवून घेतले आणि म्हणाला, बांबू आम्हीच आणणार होतो, तू कायले धावपळ केली.

तेव्हा कोपऱ्यातली ताडपत्री हलली.

आधी कोणाला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. चुरचुर, चुरचुर. मग ताडपत्री वर उचलली गेली आणि तिच्याखालची गंज मधोमध दुभंगली. त्या पांढऱ्या ढिगातून आणखी एक पांढरं काहीतरी सावकाश उठून बसलं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कानांतून आणि टोपीतून कापूस लोंबतोय. उघड्या खोलीतल्या थंडीवर मोठेबाबांनी आठवडाभर हाच उपाय चालवला होता. ते गळ्यापर्यंत कापसात शिरून झोपायचे.

ते खोकले. मग खाटेकडे बघत म्हणाले, "कोणासाठी रडून राह्यले रे?"

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कंदील विझला. कोणीतरी कुंपणावरून गेलं, कोणीतरी कुंपणातून गेलं. पळणाऱ्यांत सर्वांत पुढे जो माणूस होता तो विज्ञानाचा पदवीधर होता आणि त्याचं नाव विजय होतं. तुळशीचं रोप नंतर विहिरीपाशी सापडलं. सोनुआत्या मात्र जागची हलली नाही. तिनं दुर्बिणीची मिठी सोडली नव्हती, कारण एक भाऊ समोर उठून बसला होता तरी दुसरा अजून थंडगारच होता.

सगळं उलगडायला वेळ लागला. गुल्हाने वहिनींनी कण्हण्याचं सांगितलं, आत्यानं फोनचं आणि कवेलूचं. मी छपराचं सांगितलं आणि दोराला हिसके देऊन चाकांचा आवाज काढून दाखवला. लोक हसू लागले. मीही हसलो. मोठेबाबा हसले नाहीत. ते खाटेच्या कडेला बसून अंगावरचा कापूस वेचत होते. लोक अंगणात चहाला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"विज्या, खरं सांग. तुले मी जड झालो काय?"

माझं हसू तिथंच मेलं. ज्या माणसानं मला वाढवलं, तो आठवडाभर माझ्या छताखाली, म्हणजे माझ्या नसलेल्या छताखाली, रोज ही गोष्ट मनात घेऊन झोपत होता. आणि माझं काम अडू नये म्हणून घरातसुद्धा येत नव्हता! मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी म्हणालो, मोठेबाबा, मला तुम्हाला चंद्र दाखवायचा होता हो, बाकी काही नाही.

"मंग दाखव," ते म्हणाले.

मी तिपाई मांडली, दुर्बीण चढवली, चंद्राकडे वळवली आणि त्यांना डोळा लावायला सांगितलं. ते पुष्कळ वेळ बघत राहिले.

"अंधार हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, नीट बघा, सवय लागते. त्यांनी नीट बघितलं. अंधारच होता. मी मोठ्या अधिकारानं त्यांना चंद्रावरच्या खड्ड्यांविषयी सांगत असताना सुनंदानं पुढे येऊन दुर्बिणीच्या टोकावरचं झाकण काढलं.

मोठेबाबा दचकून मागे सरकले. मग परत डोळा लावला. तो प्रचंड, पांढरा, खड्ड्याखड्ड्यांचा गोळा त्यांच्या डोळ्यासमोर हळूहळू सरकत होता, आणि तिथंही कोणी माणूस नव्हता. त्यांनी बऱ्याच वेळानं मान वर केली. "एवढ्या जवळ आणायची काय गरज होती लेका," ते म्हणाले, "मी जाऊनच तर राह्यलो होतो तिकडं." मग ते हसले, आणि त्यांच्या हसण्याचा खोकला होऊन तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिलो.

कापसाचा भाव काही वाढला नाही. शेवटी मोठेबाबांनी तो मिळेल त्या भावाला देऊन टाकला आणि स्वतः मात्र आमच्याकडेच राहिले. चाकांतले तंतू काढल्यावर छप्पर पुन्हा चालू लागलं. मोठेबाबा रोज संध्याकाळी झाकण काढलंय का ते आधी विचारायचे आणि मग डोळा लावायचे.

काही वर्षांनी ते खरंच आजारी पडले. दवाखान्यातून घरी पाठवलं, घरी म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सोनुआत्या आली, तुळशीचं रोप आलं. मोठेबाबांचा श्वास अडकत होता. त्यांनीच मला खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मले टिनाच्या खोलीत ने. अन् आता उघड." आम्ही त्यांना खाटेसकट नेलं. बाहेर अंधार पडत होता. मी खोलीमागे गेलो आणि डोळे पुसत दोर खांद्यावर घेतला.

छप्पर कण्हलं आणि अडकलं. मी ओढला, आत्याच्या नवऱ्यानं ओढला, मग दोघांनी मिळून ओढला. दोर तुटला. मी वर चढून लाथा घातल्या, तर खाली टिनाचा गंज मोठेबाबांच्या तोंडावर पडला. मिटलेले डोळे उघडून ते वर बघू लागले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, की डावीकडून जोर लाव. मी डावीकडून जोर लावला. मग आवाज आला, की ते तुझं डावं आहे, माझं नाही. मग त्यांनी उशी मागितली, उठून बसले, आणि रशीदभाईंपासून पाटबंधारे खात्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत मला वर सूचना देऊ लागले. अंधार दाट झाला तेव्हा त्यांना घाम आला होता, श्वास मोकळा झाला होता आणि ते चहा मागत होते.

ते छप्पर त्यानंतर कधीच उघडलं नाही. डॉक्टर म्हणतात, औषध उशिरा लागू पडलं. मोठेबाबा मात्र ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला, माझ्या देखत, आपलं कारण सांगतात. "माया पुतण्याच्या हातून एखादं काम जरी धड झालं असतं," ते म्हणतात, "तर मी आज तुमच्यासंग चहा पेत नसतो."